‘बिनखर्ची’ – पण कुणाच्या जिवावर?

लहान मुलांच्या शिक्षणाबद्दलचं कुठलंही शिबीर घ्या, पुस्तिका घ्या, परिपत्रक घ्या. दोन शब्द हमखास भेटतात – ‘बिनखर्ची’ आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’. रद्दी, करवंट्या, काड्यापेट्या, बाटल्यांची झाकणं, चिंध्या, चिंचोके यांपासून मुलांसाठी काय काय करता येतं याच्या याद्या आपण सगळ्यांनीच वाचलेल्या आहेत. या याद्यांशी माझं भांडण नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांकडून चित्रं आणि हातकाम करून घ्यायला महागडं सामान लागत नाही, हे मी ठामपणे मानते. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्याला आपण बिनखर्ची म्हणतो त्याचा खर्च खरोखरच शून्य असतो, की तो कुणाच्या तरी वेळातून, कष्टातून आणि पदरच्या पैशातून निघतो आणि म्हणूनच हिशेबात दिसत नाही? आणि हे ‘कुणीतरी’ जवळजवळ नेहमी बाईच का असते?

कोयनानगरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर काम करताना हा प्रश्न रोज समोर येतो. म्हणून आधी या कामाचं मोल सांगते आणि मग त्याच्या किमतीकडे येते.

आधी हात, मग अक्षर

पेन्सिल धरण्यासाठी अंगठा आणि पहिली दोन बोटं यांच्यात जोर लागतो. तो जोर ‘अ’ शंभरदा गिरवून येत नाही. कागद फाडून, माती मळून, चिंचोके उचलून, दोरीत मणी ओवून, कापडाचा पिळा पिळून तो येतो. जुन्या बालवाड्यांमध्ये या कामांना सरळ नावं होती – मातकाम, ठसेकाम, चिकटकाम, घडीकाम, कातरकाम. ही कामं करताना मूल मोजतं, रंग ओळखतं, लहानमोठं लावतं. शिवाय आपण काय केलं ते दुसऱ्याला सांगतं, म्हणजे भाषाही शिकतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ‘हे मी केलं’ असं म्हणण्याचा आनंद त्याला मिळतो. ज्या घरात मुलाला, आणि विशेषतः मुलीला, स्वतःचं असं काहीच नसतं, तिथे या आनंदाची किंमत फार मोठी आहे.

कोयनेच्या खोऱ्यात यासाठी काय नाही? जांभ्याची तांबडी माती आहे. भाताचा पेंढा, तूस, नाचणीची कणसं आहेत. ओढ्यातले गुळगुळीत गोटे आहेत. आंब्याच्या कोयी आणि फणसाची जाड पानं आहेत. रंग हवेत तर तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी हळद, काळ्यासाठी कोळसा आणि पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ. भिजवलेल्या हळदीत चिमूटभर चुना पडला की ती लालभडक होते. मुलांना याच्याइतकी दुसरी जादू नाही. मात्र चुना ताईंनीच घालावा, मुलांच्या हातात देऊ नये. बांबूच्या काडीचं टोक चेचलं की ब्रश तयार. भेंडी आडवी कापली की फुलाचा ठसा. चाळलेली माती ताटात पसरली की धुळपाटी, जिच्यावर कितीही काढा आणि कितीही पुसा.

पण पुण्यामुंबईत छापलेल्या पुस्तिकेतली यादी इथे जशीच्या तशी चालत नाही, हेही सांगायला हवं. या खोऱ्यात पावसाळ्यात सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात रद्दी ओलसर होऊन फाटते, खळीला दोन दिवसांत बुरशी येते, मातीचा बैल वाळतच नाही. म्हणून पावसाळ्यात बियांची वर्गवारी, गोट्यांची मांडणी, चिंध्यांचे पिळे आणि वेण्या, पानांची विणकामं असं काम घ्यावं. माती आणि कागद दिवाळीनंतर. खळ रोज लागेल तेवढीच करावी. ती टिकावी म्हणून मोरचूद घालायची जुनी रीत लहान मुलांच्या बाबतीत कटाक्षाने टाळावी, कारण मोरचूद विषारी आहे. तसंच गुंजा. लाल-काळ्या, दिसायला सुरेख, पण त्यांचं बी विषारी असतं. एरंडाचंही तसंच. शिवाय अगदी लहान मुलं बी नाकात-कानात घालतात, गिळतात. तीन वर्षांखालचं भावंड सोबत आलेलं असेल तर त्याच्यासमोर बारीक बिया ठेवू नयेत.

एवढं सगळं ध्यानात कोण ठेवतं? माती कोण चाळतं, काटे कोण काढतं, खळ कोण शिजवतं, चाळीस बोटं धुवायला पाणी कोण आणतं? इथूनच खर्चाचा हिशेब सुरू होतो.

कोसबाडचा धडा अर्धाच शिकलो

स्वस्त साधनांची ही वाट महाराष्ट्राला दाखवली ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन बायांनी. माँटेसोरी पद्धतीची साधनं सुंदर पण महाग, शहरातल्या खात्यापित्या घरांना परवडणारी. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलं, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला, आणि 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलांमध्ये गेलं. शिंपले, बिया, पानं, काटक्या, माती हीच तिथली साधनं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावं, या विचारातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि हाच शब्द देशभर गेला.

ताराबाई लग्नाच्या बंधनातून बाहेर पडून एकटीच्या बळावर उभ्या राहिलेल्या. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. समाजाने ज्यांना संसाराबाहेर काढलं होतं त्या बायांनी बालशिक्षणाचं शास्त्र उभं केलं. त्यांच्या लेखी स्वस्त साधन म्हणजे कसंतरी उरकलेलं शिक्षण नव्हतं. त्यामागे निरीक्षण होतं, नोंदी होत्या, शिक्षिकांचं प्रशिक्षण होतं. सरकारने शब्द उचलला, स्वस्ताई उचलली; प्रशिक्षण आणि मान मात्र मागे ठेवला.

सेविकेचा हिशेब

योजनेत सहा सेवा आहेत – पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. शिक्षण हे सहांतलं एक. बाकी पाचांची नोंद रोज मागितली जाते. वजन, उंची, आहार, हजेरी हे सगळं 2021 पासून ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइलवरच्या ॲपमध्ये भरायचं असतं. डोंगरातल्या वाडीत रेंज मिळावी म्हणून सेविका टेपाडावर चढते. मुलांनी आज मातीचं काय केलं याची नोंद कुणीही तितक्या तातडीने मागत नाही. मग दिवसातून पहिल्यांदा काय गळतं? हातकाम आणि चित्रं गळतात.

तरीही पुष्कळ सेविका ते सोडत नाहीत. रात्री घरची भाकरी थापून झाल्यावर त्या चिंध्या कापत बसतात. आठवड्याच्या बाजारातून खडू, दोरा, डिंक आणतात. कधी बिल मिळतं, कधी मिळत नाही, मिळालं तरी पैसे उशिरा येतात. समजा, एका ताईंनी दिवसाला एक तास तयारीला दिला आणि महिन्याला दीडदोनशे रुपये पदरचे घातले. वर्षाला किती तास झाले, किती रुपये झाले, ज्याचं त्याने मांडून पाहावं. एका ताईंनी मला फार नेमकं सांगितलं, “टाकाऊ वस्तू फुकट मिळते बाई, पण ती टिकाऊ करायला माझी रात्र जाते.”

आणि त्या रात्रीचं मोल काय? केंद्राच्या योजनेत 2018 मध्ये सेविकेच्या मानधनाचा दर महिना 4500 रुपये आणि मदतनीसेचा 2250 रुपये ठरला. त्यावर राज्याने आपली भर घातली. ती भरही मागून, मोर्चे काढून मिळालेली. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या अंगणवाडी कर्मचारी पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन या त्यांच्या मागण्या होत्या. 2024 मध्ये मानधनात वाढ झाली, पण ‘मानधन’ हा शब्द काही बदलला नाही. मान द्यायचा, धन द्यायचं, मात्र ‘वेतन’ म्हणायचं नाही. कारण वेतन म्हटलं की कामगाराचे हक्क आले. सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 च्या निकालात सेविका आणि मदतनीस यांना 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असं स्पष्ट केलं. जे काम न्यायालयाला काम म्हणून दिसलं, ते आपल्या गावाला, आपल्या घराला अजून ‘पोरं सांभाळणं’ वाटतं.

मुलीची रांगोळी, मुलाचा किल्ला

हाताच्या कामाला कमी लेखण्याची ही सवय लहानपणीच लागते, आणि ती मुलगा-मुलगी बघून लागते. दिवाळीतलं आपलं अंगण आठवा. मुलगे माती-दगड आणून किल्ला करतात. चिखलात लोळतात, रस्त्यावरून माती मागून आणतात, भांडतात, बुरूज पडला तर पुन्हा बांधतात. मुली उंबऱ्याशी रांगोळी काढतात आणि मधूनमधून आत जाऊन करंज्यांना हात लावतात. मुलाचा किल्ला बघायला गल्ली जमते. मुलीची रांगोळी पाडव्याला पुसली जाते आणि ‘वळण चांगलं आहे हो पोरीला’ एवढं म्हणून विषय संपतो. एकाच्या हातकामातून धाडस वाढतं, दुसरीच्या हातकामातून लग्नाची लायकी.

ठिपक्यांची रांगोळी ही काही साधी गोष्ट नाही. ठिपके किती ओळींचे, रेघ कुठून निघून कुठे मिळवायची, दोन्ही बाजू सारख्या कशा येतील, हे सगळं भूमितीचं ज्ञान आहे. आमच्याकडच्या बाया जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, तेव्हा तुकड्यांच्या मापाचा आणि रंगांचा हिशेब त्या डोक्यात करतात. पण हे ज्ञान बाईच्या हातात असेपर्यंत ‘रीत’ असतं. बाजारात गेलं की ‘कला’ होतं. कोसबाडच्याच मुलखातलं वारली चित्र पाहा. लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिण्याचं काम पिढ्यानपिढ्या बायांचं. 1970 च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर उतरलं, शहरात विकलं जाऊ लागलं, आणि मग त्याला चित्रकार मिळाले, ते प्रामुख्याने पुरुष. जिव्या सोमा मशे यांची थोरवी वादातीत आहे. पण ज्या बायांनी ती भाषा जपली त्यांची नावं कुणी लिहून ठेवली?

म्हणून अंगणवाडीतल्या साध्या हातकामाकडे मी राजकीय प्रश्न म्हणून पाहते. चार वर्षांच्या मुलाच्या हातात सुई-दोरा, निदान जाड दाभण आणि सुतळी, द्यावी. मुलीला किल्ल्याचे दगड उचलू द्यावेत. पाटाभोवती सगळ्यांनी मिळून रांगोळी काढावी आणि काम संपल्यावर केर मुलीनेच काढायचा नाही, पाळी लावायची. एवढ्याशा गोष्टीने पितृसत्ता कोसळणार नाही, हे खरं. पण घरात ज्या श्रमविभागणीचं बाळकडू मिळतं, तिच्याशिवायही जगता येतं हे मुलांना कुठेतरी दिसायला हवं. रोजचे दोन-चार तास ते दिसण्याची जागा अंगणवाडीच आहे.

‘माती आम्ही खेळलो, पोरीनं कशाला?’

एक हरकत मात्र मनापासून ऐकली पाहिजे, कारण ती आयांची आहे. “मी जन्मभर माती कालवली, शेण काढलं. माझ्या पोरीनं तरी माती सोडून पेन्सिल धरू दे.” म्हणूनच रस्त्याकडेच्या गावांतून तीन वर्षांची मुलं गाडीत कोंबून खाजगी नर्सरीत जातात, छापील पुस्तकात सफरचंद रंगवतात आणि रेघेबाहेर रंग गेला म्हणून बोलणी खातात. फी भरण्यासाठी आई बचतगटातून कर्ज काढते.

या आईला ‘तुला बालशिक्षण कळत नाही’ असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. मातीशी तिचं नातं सक्तीचं आहे. शिवाय आपल्या समाजात मातीकाम, बुरूडकाम, चामड्याचं काम यांना जातीची शिक्षा जोडलेली आहे. हाताने काम करणारा खालचा आणि लिहिणारा वरचा, हे तिने शिकलेलं नाही, सोसलेलं आहे. तिला पटवायचं तर उपदेश करून भागणार नाही. पालकसभेत तिच्याच हातात ओली माती द्यावी, तिलाच कागद फाडून चित्र चिकटवायला लावावं, आणि मग पेन्सिल धरणाऱ्या बोटांचा संबंध समजावून सांगावा. ती स्वतः करून पाहते तेव्हा तिला पटतं, असा माझा अनुभव आहे. पण तिची मूळ मागणी, म्हणजे माझं मूल मागे राहू नये, ही रास्तच आहे. अंगणवाडीने चांगलं शिक्षण द्यावं, एवढाच तिला देण्यासारखा जबाब आहे.

कायदा इथे आपल्याला साथ देत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’, एवढंच कलम 11 म्हणतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा वयोगट शिक्षणाच्या आराखड्यात घेतला, खेळातून शिक्षणाची भाषा केली. पण धोरणातल्या भाषेला कोर्टात हक्क म्हणून उभं राहता येत नाही.

या खोऱ्याचं देणं

कोयनेच्या बाबतीत हा विषय आणखी एका कारणाने टोचतो. शिवाजीसागरासाठी इथली गावं उठली. काही कुटुंबं सांगली-सोलापूरकडे, काही कोकणात गेली. काही इथेच डोंगराला चिकटून राहिली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. जुलै 2021 च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. महाराष्ट्राला वीज देणाऱ्या या खोऱ्यातल्या मुलांना भीती आणि स्थलांतर ओळखीचं आहे. घाबरलेलं मूल बोलत नाही. पण ते काढतं, घर रचतं आणि मोडतं, पुन्हा रचतं. आपत्तीनंतरच्या मदतीच्या याद्यांत धान्य, कपडे, चादरी असतात, आणि त्या असायलाच हव्यात. कागद आणि खडू मात्र क्वचितच असतात. फार थोड्या पैशांत मुलाला आधार देणारं साधन म्हणून तरी चित्र आणि खेळ यांचा विचार व्हावा.

तेव्हा आपल्या संघटनांनी, महिला मंडळांनी, बचतगटांनी काही गोष्टी लावून धराव्यात असं मला वाटतं.

एक, साधनांसाठीचे पैसे शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच सेविकेच्या हातात द्यावेत. आधी स्वतः खर्च करा आणि मग बिल लावा ही पद्धत बंद व्हावी. दोन, तयारीचा वेळ कामाच्या तासांत धरावा आणि त्यासाठी नोंदींचा भार कमी करावा. तीन, मदतनीसेलाही बालशिक्षणाचं प्रशिक्षण द्यावं, कारण मुलांचे हात धुण्यापासून चित्र भिंतीवर लावण्यापर्यंत ती तिथेच असते. चार, गावातल्या पुरुषांनी महिन्यातला एक दिवस अंगणवाडीत बसावं. इरलं विणणारे, बुट्टी वळणारे, दोर वळणारे आजोबा आहेत. त्यांचे हात मुलांना दिसू द्या, आणि मूल सांभाळणं हे बाईचंच काम नव्हे हेही दिसू द्या. पाच, तीन वर्षांपासूनच्या शिक्षणाचा हक्क कायद्यात यावा आणि ते शिक्षण देणारीला वेतन मिळावं.

साधन स्वस्त असावं, यात वाद नाही. करवंटी, चिंचोका, गेरू यांनी मुलांचं बालपण श्रीमंत होतं. पण ते देणारे हातही स्वस्तच असले पाहिजेत, असा हिशेब आपण इतकी वर्षं चालवून घेतला आहे. पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून ‘बिनखर्ची उपक्रम’ म्हणालं, तर मैत्रिणींनो, उठून एवढंच विचारूया – तयारी कोण करणार, आणि तिला त्याचे किती देणार?